रात्रपाळीचं वाचन

बाबांच्या खुब्याच्या ऑपरेशननंतरची दुसरी रात्र. हिमोग्लोबिन खाली आलं होतं, म्हणून रक्ताची एक पिशवी चढवायचं ठरलं. साडेबाराच्या सुमारास दोन सिस्टर आल्या. एकीनं पिशवीवरचं लेबल मोठ्यानं वाचलं, दुसरीनं ते हातातल्या कागदाशी आणि बाबांच्या मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहिलं. नाव, नंबर, गट, मुदत. "बी पॉझिटिव्ह." "बी पॉझिटिव्ह." मला वाटलं झालं, तर त्यांनी कागद आणि पिशवीची अदलाबदल करून सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग नळीतल्या त्या छोट्या कुपीत पहिला थेंब टपकला. "पहिली पंधरा मिनिटं मी इथेच आहे," त्यातल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "थंडी वाजली, अंगाला खाज सुटली, काहीही झालं तरी लगेच बोलायचं हं आजोबा." बाबा ‘बरं’ म्हणाले आणि झोपले.

मी खुर्चीत फोन पालथा धरून बसले होते. कारण नेमक्या त्याच वेळी पडद्यावर ३१७ वर्षांचा एक देखणा गृहस्थ एका मुलीच्या मानेशी ओठ नेऊन थबकला होता, आणि तिच्या रक्ताला पाऊस पडून गेलेल्या बागेचा वास येत होता. गटाचा उल्लेख कुठेच नव्हता.

तर, मी व्हॅम्पायरच्या प्रेमकथा वाचते. व्हॅम्पायर नसला तर पौर्णिमेला लांडगा होणारा माणूस चालतो, स्वर्गातून हाकलून दिलेला देवदूत चालतो. अगदीच अडलं तर भूतही चालतं, पण भुताला शरीर नसल्यामुळे साधारण सातव्या प्रकरणापासून लेखिकेची पंचाईत व्हायला लागते. गेली वीसेक वर्षं हे चालू आहे. आधी कागदी पुस्तकं होती, तेव्हा कव्हर घालून वाचायचे. या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर काळोख असतो, चंद्र असतो आणि शर्ट हरवलेला नायक असतो. शेकडो वर्षांची इस्टेट असलेल्या माणसाला बटणं का परवडत नाहीत, हे मला अजून कळलेलं नाही. मग फोनवर वाचायची सोय झाली आणि माझ्यासारख्यांचे पांग फिटले. बाहेरून बघणाऱ्याला तुम्ही बँकेचा मेसेज वाचताय की शापित सरदाराचा कबुलीजबाब, काही कळत नाही.

‘हे कसलं वाचतेस तू?’ या प्रश्नाला मी आजवर अनेक उत्तरं दिली आहेत, त्यातलं एकही खरं नव्हतं. सुरुवातीला ‘इंग्रजी सुधारतं’ म्हणायचे. ते खपेना, तेव्हा ‘समाजाच्या सुप्त भीतींचा अभ्यास’ असं एक वाक्य तयार केलं. ते वापरताना मला स्वतःलाच हसू यायचं. शेवटी साहित्याच्या इतिहासाचा आडोसा घेतला आणि तिथे मात्र गंमत झाली. सबब म्हणून वाचायला घेतलेला इतिहास मूळ पुस्तकांइतकाच रंगतदार निघाला.

एप्रिल १८१५ मध्ये तांबोरा ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला. त्यातून वर गेलेल्या धुरळ्यानं पुढच्या वर्षी युरोपचा उन्हाळाच गिळला. १८१६ च्या जूनमध्ये जिनिव्हाच्या सरोवराकाठी एका बंगल्यात काही तरुण मंडळी पावसानं अडकून पडली. कवी बायरन, कवी शेली, १८ वर्षांची मेरी आणि बायरनचा खासगी डॉक्टर जॉन पोलिडोरी. हा २० वर्षांचा. करमेना, म्हणून बायरननं टूम काढली की प्रत्येकानं एकेक भुताची गोष्ट लिहायची. मेरीच्या गोष्टीतून ‘फ्रँकेन्स्टाइन’ उभी राहिली, हे सगळ्यांना माहीत असतं. डॉक्टरकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. बायरननं एक गोष्ट अर्ध्यात टाकून दिली होती, ती यानं उचलली आणि लिहून काढली. त्याचा व्हॅम्पायर एक लॉर्ड आहे. देखणा, थंड, समारंभांतून वावरणारा, ज्याच्या जवळ जाईल त्याचं वाटोळं करणारा. हे वर्णन कुणाचं, ते ओळखीच्या माणसांना सांगावं लागलं नाही.

१८१९ मध्ये ती गोष्ट एका मासिकात छापून आली, लेखक म्हणून नाव बायरनचं. बायरन म्हणाला ही माझी नाही, पोलिडोरी म्हणाला ही माझी आहे, पण बायरनच्या नावावर खपणारी वस्तू परत कोण घेणार? १८२१ मध्ये पोलिडोरी गेला, वयाच्या २५ व्या वर्षी. आज आमच्या पुस्तकांत जो उंच, फिकट, उदास, श्रीमंत नायक येतो, त्याचं मूळ थडग्यात शोधायला जाऊ नये. विशीतल्या एका नोकरानं मालकावर काढलेला तो राग आहे. राग मुरत मुरत दोनशे वर्षांत त्याचा प्रणय कसा झाला, यावर कुणीतरी कादंबरी लिहायला हवी. मी वाचेन.

त्याआधीचा, गावोगावच्या समजुतींमधला व्हॅम्पायर प्रेम करण्याच्या लायकीचा नव्हताच. १७३२ मध्ये ऑस्ट्रियाच्या लष्करी वैद्यांनी सर्बियातल्या एका गावात प्रेतं उकरून अहवाल लिहिला. त्यातले ‘व्हॅम्पायर’ फुगलेले आहेत, लालबुंद आहेत, तोंडाशी रक्त आहे. कुजणाऱ्या देहात वायू साठतो, तो आतले द्रव तोंडावाटे बाहेर ढकलतो, एवढीच ती गोष्ट. पुढे ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी मारिया थेरेसानं आपल्या वैद्याकडून चौकशी करवली, त्यानं हे सगळं अज्ञान असल्याचं कळवलं, आणि तिनं प्रेतं उकरायलाच बंदी घातली. त्या फुगलेल्या शेतकऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून कुणी चांदणं बघेल असं वाटत नाही. व्हॅम्पायरला आधी सरंजामदार व्हावं लागलं, मग नायक होता आलं.

रक्ताची पिशवी बघताना मला त्या रात्री ‘ड्रॅक्युला’ आठवत होती. ब्रॅम स्टोकरची १८९७ ची कादंबरी. तीत लूसी नावाची मुलगी रोज सकाळी आदल्या दिवसापेक्षा पांढरी पडत जाते, आणि तिला वाचवण्यासाठी एकामागून एक चार पुरुषांचं रक्त देतात. कोण धडधाकट आहे एवढंच बघतात, बाकी काही नाही. बघणार तरी काय? रक्ताचे गट असतात हे लँडस्टायनर नावाच्या डॉक्टरानं व्हिएन्नात १९०१ साली मांडलं. म्हणजे कादंबरी चार वर्षं आधीची. ब्रॅम स्टोकरच्या पात्रांना जी माहिती नव्हती, ती माझ्यासमोर दोन सिस्टर दोनदा मोठ्यानं वाचत होत्या. लूसी अखेर व्हॅम्पायरमुळेच जाते असं कादंबरी म्हणते. मला त्या चौघांच्या रक्ताचाही संशय आहे.

पण त्यातली खरी गोम पुढे आहे. पहिलं रक्त लूसीच्या होणाऱ्या नवऱ्याचं. ती गेल्यावर तो म्हणतो, माझं रक्त तिच्यात गेलं तेव्हाच आमचं लग्न झालं. बाकीचे तिघं गप्प बसतात. आपणही दिलंय, हे त्याला कुणीच सांगत नाही. भयकथा म्हणून छापलेल्या जाडजूड पुस्तकात ही जागा सापडली, तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ बसले होते. पुढच्या सगळ्या प्रेमकथांचं बी इथेच पडलं असणार, असं आपलं माझं मत.

हे सगळं मराठीत कुणाला सांगायला गेलं की मात्र फजिती होते. आपल्याकडे ‘रक्त पिणारा’ म्हटलं की डोळ्यांसमोर प्रियकर येत नाही, सावकार येतो. नाहीतर साहेब. आपण रक्त आटवतो, रक्ताचं पाणी करतो, आणि ज्याच्यासाठी करतो तोच मग आपलं रक्त पितो. मार्क्सलाही भांडवल व्हॅम्पायरसारखं जिवंत श्रम शोषताना दिसलं होतं. तो मराठी बोलत असता तर त्याला उपमा शोधत बसावं लागलं नसतं. ‘तू फक्त माझी आहेस’ हे वाक्य इंग्रजीत नायकाच्या तोंडी कसंबसं पचतं, पण मराठीत केलं की पुढच्याच ओळीला पेटीवाला सूर देईल असं वाटतं. आणि वेताळाचा तर विषयच नको. रिचर्ड बर्टन या इंग्रज लेखकानं १८७० मध्ये वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत आणल्या, तेव्हा शीर्षकात त्याला थेट व्हॅम्पायर करून टाकलं. आपला वेताळ बिचारा झाडाला उलटा लटकतो, राजाच्या खांद्यावर बसून गोष्टी सांगतो आणि कोडी घालतो. संगत म्हणून मी त्यालाच पसंत करेन. पण तो कुणाच्या मानेशी थबकण्याची शक्यता नाही, आणि तेवढ्यासाठी माझा व्हॅम्पायरवर जीव.

या जगातले नियम हा माझ्या आवडीचा भाग आहे. प्रत्येक लेखिका जुन्या नियमांतले काही ठेवते, काही उडवून लावते, आणि पहिल्या पन्नास पानांत मी तेच हुडकत असते. आरसा चालतो का? लसूण? ऊन? उन्हाचं तर असं आहे की ‘ड्रॅक्युला’मधला काउंट, म्हणजे खुद्द व्हॅम्पायर, दिवसाढवळ्या लंडनच्या रस्त्यावर उभा राहून एका सुंदर मुलीकडे टक लावून बघतो, त्याला काही होत नाही. त्याचं बळ दिवसा कमी होतं, इतकंच. उन्हानं व्हॅम्पायर नाहीसा होतो हे सिनेमानं आणलं, १९२२ च्या ‘नोस्फेराटू’नं. तो सिनेमा कादंबरीचे हक्क न घेताच केलेला. स्टोकरच्या बायकोनं दावा लावला, कोर्टानं प्रती नष्ट करायला सांगितल्या, काही तरीही वाचल्या. म्हणजे मरायला निघालेल्या सिनेमानं शिकवलेला नियम आज सगळ्यांना पुराणातला वाटतो.

मला सर्वांत प्रिय नियम उंबरठ्याचा. घरातल्या कुणी ‘ये’ म्हटल्याशिवाय व्हॅम्पायरला आत पाऊल टाकता येत नाही. विचार करा, भिंत फोडू शकणारा, शंभर माणसांना भारी पडणारा हा प्राणी, आणि तो दारात उभा. आत दिवा लागलेला, ती दाराशी, मध्ये चार बोटं लाकूड. त्याला तिच्या तोंडून एक अक्षर हवं आहे. चांगली लेखिका हा प्रसंग आठ-आठ पानं लांबवते. तो हवापाण्याचं बोलतो, ती उत्तरं देते, दोघांनाही ठाऊक आहे की बोलणं हवापाण्याचं नाही. ती दार लावून घेते. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. उंबरठे झिजवणं या वाक्प्रचाराला इतकं न्याय देणारं पात्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

म्हणून ज्या पुस्तकांनी हा नियम गाळला, त्यांच्यावर माझा राग आहे. २००५ साली आलेल्या ‘ट्वायलाइट’पासून ही लाट प्रचंड वाढली, त्या मालिकेच्या १० कोटींहून जास्त प्रती खपल्या, आणि तीतला नायक न विचारता मुलीच्या खोलीत येऊन ती झोपलेली असताना रात्रभर तिच्याकडे बघत बसतो. कुणी म्हणतं, ते प्रेम आहे. मी म्हणते, त्याला पोलिसांत द्यावं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्याही काळजाचं पाणी झालं होतं, हे खरं. ते कबूल न करणं अप्रामाणिकपणाचं होईल. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा माझी भाची पंधराची झाली होती, आणि मी तिच्या खोलीच्या खिडकीची कडी तपासून आले. पुस्तक तेच होतं. मी ते फेकून दिलं नाही, अजून माझ्याकडे आहे. पण उंबऱ्याबाहेर तिष्ठणारा तो जुना व्हॅम्पायर मला जास्त सभ्य वाटतो, भले तो खून करत असेल.

आणि शाळा! शंभर वर्षं जगलेला माणूस पुन्हा पुन्हा शाळेत नाव घालतो. अमरत्व मिळाल्यावर पहिल्यांदा मी काय करेन याची माझी यादी लांबलचक आहे, पण तीत गणिताचा तास नाही.

हसते आहे, पण हसून सगळं उडवून देता येत नाही. इतक्या सबबी झाल्या, इतका इतिहास झाला, तरी अपरात्री हॉस्पिटलच्या खुर्चीत मी तेच का उघडलं? बॅगेत दुसरं एक पुस्तक होतं, पारितोषिक मिळालेलं, चांगलं. त्यात तिसऱ्या पानावर वडील जातात. मी ते परत बॅगेत ठेवलं. प्रेमकथा म्हणून विकल्या जाणाऱ्या पुस्तकाचा एक करार असतो: शेवटी दोघं एकत्र येणार, आणि सुखात राहणार. मध्ये कितीही रक्त सांडो. त्या खोलीत बाकी कशाचाच करार माझ्या हातात नव्हता.

हे एक झालं. दुसरं मला त्याच रात्री लक्षात आलं, आणि ते चाव्याबद्दल नव्हतं. मी वाचत होते त्या प्रकरणात नायिका कुणाशी तरी बोलत उभी असते, हातात कप असतो. नायक खोलीच्या दुसऱ्या टोकाला. तो बघतो की ती कप उजव्या हातातून डाव्या हातात घेते. काल रात्रीही घेतला होता. तो काही बोलत नाही. घरी परतताना तिच्या हातातली जड पिशवी न विचारता स्वतःकडे घेतो आणि मग म्हणतो, मनगट कधीपासून दुखतंय? तिचं मनगट तीन आठवडे दुखत असतं. घरात चार माणसं असतात.

हे पान मी दोनदा वाचलं. मानेचा प्रसंग एकदाच.

या नायकांना तीनशे वर्षं नेमकं काय मिळालेलं असतं? ताकद, पैसा, तेच ते तारुण्य, ठीक आहे. पण लेखिका त्यांना सगळ्यांत जास्त देते ती फुरसत. नोकरी नाही, बिलं नाहीत, फोन वाजत नाही. जगातल्या सगळ्या वेळाचा मालक असलेला माणूस तो सगळा वेळ एकीकडे बघण्यात घालवतो. हिचा कप कुठल्या हातात आहे. ही कोणत्या पायरीवर थबकली. अमर व्हायची माझी इच्छा नाही, पंचेचाळिशीतच पाठ बोलायला लागली आहे, तीनशेव्या वर्षी काय होईल. पण कुणाला तरी आपल्यासाठी इतका वेळ आहे, या कल्पनेपुढे मी पंचवीस वर्षांची असतानाही हरत होते आणि आजही हरते. दात, झगा, किल्ला, वटवाघळं ही सगळी रोषणाई आहे. रोषणाई मला आवडते, नाही असं नाही.

दोनच्या सुमारास सिस्टर नाडी बघायला आल्या. पिशवी निम्म्यावर आली होती. मी गडबडीनं फोन उलटा केला, पण त्यांनी पाहिलं.

"काय वाचताय ताई?"

"असंच. काहीतरी."

"काळं कव्हर, लाल अक्षरं?"

मी हो म्हटलं.

"कितवा भाग?"

"चौथा."

"मग अजून तिला कळलं नसेल," असं म्हणून त्या बीपीचा पट्टा बाबांच्या दंडाला गुंडाळायला लागल्या.

"काय कळलं नसेल?"

"जाऊ द्या. वाचा तुम्ही."

मग हळूहळू निघालं. अकरा वर्षं त्या रात्रपाळ्या करत होत्या. पहाटे तीन ते पाच हा वेळ कठीण, म्हणाल्या, डोळा लागून चालत नाही आणि जागं राहवत नाही, तेव्हा कामं आटोपली असतील तर खुर्चीत एखादं प्रकरण. पण सिस्टर लांडगेवाल्या निघाल्या. व्हॅम्पायर त्यांना पटत नाही. "रक्ताची इतकी नासाडी बघवत नाही हो. इथे एकेका पिशवीसाठी नातेवाईक कुठून कुठून धावत येतात, आणि हे गळ्यावरून ओघळू देतात." मग जरा थांबून, "आणि गार हात. रात्रभर गार हातच धरायचे असतात मला. लांडगा निदान गरम असतो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वीस वर्षांत व्हॅम्पायरच्या विरोधात ऐकलेला हा एकमेव बिनतोड मुद्दा.

त्यांनी बाबांचा तळवा आपल्या दोन्ही तळव्यांत धरला, नखं दाबून सोडली, रंग परतताना पाहिला, आणि पांघरूण हाताच्या बाजूनं थोडं वर ओढलं. "ते उजव्या अंगावर वळायला बघतायत झोपेत," त्या म्हणाल्या. "मघापासून तीनदा. खुबा तोच आहे ना. उशी लावते मध्ये." मी चार फुटांवर बसले होते. मला एकदाही दिसलं नव्हतं.

साडेचारला पिशवी संपली. मी पाचवा भाग उतरवून घेतला, आणि सिस्टर कशाबद्दल बोलत होत्या ते कळून मोठ्यानं ‘अरे देवा’ म्हणाले. बाबा जागे झाले.

"काय झालं?"

"काही नाही. पुस्तक."

"कसलं आहे?"

बाबांनी मला हा प्रश्न याआधी कधी विचारला नव्हता. सबबींची सगळी पोतडी तयार होती, पण पहाटे साडेचारला ती उघडायचा कंटाळा आला. "प्रेमकथा," मी म्हटलं.

"हं." बराच वेळ ते छताकडे बघत होते. "मुलगा काय करतो?"

"काही नाही. रात्रभर जागा असतो."

"आणि दिवसा?"

"झोपतो."

"घरचं बरं असेल मग."

"किल्ला आहे."

त्यांनी मान डोलावली. खिडकीबाहेर अजून उजाडलं नव्हतं. मला वाटलं, पुन्हा डोळा लागला.

"वय काय?"

"३१७."

"मुलीचं?"

"चोवीस."

बाबांनी डोळे मिटले. उशी नीट आहे ना, ते मी वाकून पाहिलं.

"अंतर जरा जास्त आहे," ते म्हणाले.